अक्काची परात

जळगावात वकिली करायला मी आलो तेव्हा माझ्याजवळ एक काळा डगला, उसन्या पुस्तकांची एक पेटी आणि स्वतःबद्दलचं अतिशय चांगलं मत, एवढाच ऐवज होता. डगला आणि पुस्तकं पुढे बरीच वर्षं टिकली. तिसरी वस्तू मात्र अक्काच्या ओट्यावर पहिल्याच दिवशी गेली.

सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनांच्या मागच्या बाजूला एका विधवा बाईंच्या चाळीत खोली रिकामी आहे, असं कोणीतरी सांगितलं म्हणून भर दुपारी मी तिथे जाऊन उभा राहिलो. ओट्यावर एक उंच, हाडापेराने दणकट, साठीकडे झुकलेली बाई शेंगा फोडत बसली होती. खोली पाहायला आलो आहे, असं मी जरा वकिली थाटात सांगितलं. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मांडीवरची टरफलं झटकली आणि बाजूची मोठी पितळी परात माझ्यापुढे सरकवली.

"पहिले खिसा खाली करा भाऊ," त्या म्हणाल्या, "मंग खोली देखा."

उन्हाने माझं डोकं फिरलं असावं, किंवा बाईंचं आधीपासूनच फिरलेलं असावं, असं मला वाटलं. मी वकील असल्याचं सांगितलं. त्याचा परातीवर काही परिणाम झाला नाही. शेवटी रुमाल, फणी, सुपारीचं खांड, गाडीत अर्धी खाऊन ठेवलेली रेवडी आणि आईने बांधून दिलेली अंगाऱ्याची पुडी, असा माझा सगळा संसार त्या परातीत मांडला गेला. रेवडी पाहून बाई हसल्या नाहीत. अंगाऱ्याच्या पुडीला मात्र त्यांनी हात जोडले. खोली पाहून मी बाहेर आलो तेव्हा परातीत माझ्या वस्तू जशाच्या तशा होत्या आणि शेजारी मूठभर सोललेले शेंगदाणे होते. ते माझ्या खिशात कोंबून त्या म्हणाल्या की भाडं महिन्याच्या पहिल्याला द्यायचं आणि रात्री मोठ्याने वाचायचं नाही.

ही अक्का. गल्लीतली सगळी माणसं तिला अगंतुगं करत, आठवडाभरात मीही करायला लागलो. तिचं माहेर धुळ्याकडचं. जन्म जळगावात काढूनही तिने आपली बोली बदलली नाही.

परातीचा नियम साधा होता. तिच्या दारात नुसता बसायला, जेवायला, भांडायला येणाऱ्याला काही विचारणा नव्हती. पण घराच्या आत काही शोधायला किंवा पाहायला आलेल्या माणसाने आधी आपले खिसे परातीत रिकामे करायचे. डास कुठे होतात ते पाहायला आलेला म्युनिसिपालटीचा माणूस, मुलांना देवी काढायला आलेला सरकारी टोचणारा, सगळे या परातीतून गेले. तिचे जावई एकदा हरवलेली टोपी शोधत माजघरात शिरायला निघाले. त्यांनाही तिने थांबवलं. जावई रागावले, दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी खिसे रिकामे करून टोपी घेऊन गेले.

एकदा तिच्या पुतणीला पाहायला पाचोऱ्याहून मंडळी आली. मुलगी पाहणं हे पाहणंच, असं अक्काचं म्हणणं. व्याही होऊ घातलेले गृहस्थ भला मोठा फेटा बांधून आले होते. त्यांच्यापुढे परात ठेवल्यावर बायकांनी तोंडाला पदर लावले. गृहस्थांनी नाइलाजाने खिसे उलटे केले आणि त्यातून तपकिरीची डबी आणि आणखी दोन मुलींच्या पत्रिका निघाल्या. एकीशी तर बोलणी पक्की झालेली होती. अक्काने सगळ्यांना पुरणपोळी पोटभर वाढली, खिशांत शेंगदाणे घातले आणि स्टेशनवर जाणारा टांगा बोलावला.

मी तिची यथेच्छ टिंगल करत असे. जेवताना इतर भाडेकरूंना मी सांगायचो की यमदूत आले तरी अक्का त्यांना परात दाखवील आणि बिचारे पाश ठेवून रिकाम्या हाताने परत जातील. पण एक गोष्ट मला तेव्हाही कबूल करावी लागे. हा नियम तिने स्वतःला लावलेला होता. तिची मांजर आमच्या खोल्यांत शिरून हरवली की अक्का दाराशी थांबायची, कमरेचा बटवा सोडायची आणि आमच्यापुढे तो उलटा करायची. मगच ती आमच्या खाटेखाली वाकायची.

असाच एकदा तो बटवा माझ्यापुढे उलटा झाला. सुपारी, सुईदोरा, लवंगा आणि एक वाळलेली शेणाची खपली. खपलीवर बोटं फिरल्याच्या रेघा होत्या. ही कसली मौल्यवान चीज, म्हणून मी चेष्टेने विचारलं. अक्का खाली बसली. मांजर राहिली बाजूला, तिने मला जे सांगितलं ते ऐकून मी पुन्हा तिची चेष्टा केली नाही.

अक्का तेव्हा परकरी पोर होती. गावात चोरी झाली आणि पोलिसांनी तिच्या थोरल्या भावाच्या घराची झडती घेतली. भावाचा दोष एवढाच की गावात उतरलेल्या जमादाराला त्याने फुकट गाडीबैल द्यायला नकार दिला होता. घरात धान्याची कणगी होती. आदल्या दिवशीच अक्काने तिचं तोंड शेणाने लिंपून बंद केलं होतं, स्वतःच्या हातांनी. लिंपण अभंग होतं. जमादाराने पंचांसमोर ते फोडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढला तेव्हा मुठीत चोरीची सोन्याची पोत होती. पंच जमादाराने बरोबर आणलेले होते. दरवेळी तोच ते आणायचा. भाऊ सक्तमजुरीला गेला. सुटून आला तो बोलेनासा होऊन, आणि थोड्याच वर्षांत गेला. कणगी आपण लिंपली होती, तिच्यात पोत असूच शकत नव्हती, हे त्या पोरीला ठाऊक होतं. पण पोरीला कोणी विचारलं नाही. फुटलेल्या लिंपणाची एक खपली तेवढी तिने उचलून ठेवली.

"जो शोधाले येस ना भाऊ," अक्का म्हणाली, "तो लिसन बी येस."

शोधायला येणारा सोबत घेऊनही येतो, एवढं सांगून तिने खपली पुन्हा बटव्यात ठेवली आणि ती मांजर शोधायला लागली.

आता फौजदाराबद्दल सांगायला हवं. मी म्हणतो ती गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची. आमच्या भागाला एक नवे फौजदार आले होते. गोरेपान, देखणे, मिशांना पीळ, बोलणं अत्तरासारखं. लोक त्यांना रस्त्यात पाहिलं की गल्ली बदलत. चौकीत नेलेला माणूस लंगडत बाहेर आला तर तो पायरीवरून पडला असं लिहिलं जाई, आणि त्या चौकीला पायरी एकच होती. त्याबद्दल कोणी तक्रार करीना, कारण सगळ्या जळगावची एक पक्की समजूत होती की फौजदारावर खटला भरायचा तर आधी खुद्द सरकारची परवानगी लागते आणि सरकार ती देत नाही. शिकलेली माणसं हे जास्त खात्रीने सांगत. त्यांत मीही होतो.

आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत एका जिनातला फिटर राहत असे. एरंडोलकडचा, तरुण, हसतमुख. नुकतंच लग्न झालेलं, बायको गरोदर. त्याच्या ओळखीच्या एका गाडीवानाला फौजदारांनी चौकीत असा मारला की त्याचा उजवा हात कायमचा गेला. गाडीवान घाबरून गप्प बसणार होता. फिटर त्याला घेऊन आमच्या थोरल्या वकिलांकडे आला, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी पुस्तकं उचलण्याची वकिली करत होतो त्यांच्याकडे. गाडीवानाला मारताना आपण खिडकीतून पाहिलं, साक्ष देतो, असं फिटर म्हणाला. थोरल्या वकिलांनी मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद दाखल केली. ती टिकणार नाही असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. फिटरची साक्ष हा तिचा एकच खांब होता, आणि फौजदारांनाही ते माहीत होतं.

वैशाख होता. खानदेशातला वैशाख ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. दुपारी फरशीवर पाय ठेववत नव्हता, कुत्री गटाराच्या कडेला पडून होती. कोर्टाला सुट्टी, म्हणून मी घरीच ओली चादर अंगावर घेऊन पडलो होतो. बाहेर बुटांचा आवाज आला. फौजदार, त्यांचा लिहिणारा हवालदार, दोन शिपाई आणि चौकीचे दोन नेहमीचे पंच आमच्या ओट्यावर उभे होते. सराफ बाजारातल्या चोरीतली एक चांदीची वाकी फिटरच्या खोलीत आहे अशी पक्की खबर आहे, असं फौजदारांनी जाहीर केलं. फिटर जिनात होता. त्याची बायको दार धरून उभी राहिली.

अक्का परात घेऊन बाहेर आली.

ती येणार हे फौजदारांना ठाऊक असावं, कारण ते रागावले नाहीत. उलट हसले. आई, तुमच्या परातीबद्दल फार ऐकलंय, असं म्हणून त्यांनी ऐटीत आपले खिसे उलटे केले. अक्काने पंचांकडे बोट दाखवलं. हे दोघे स्टेशनजवळ राहतात, या गल्लीतले नव्हेत, आणि हे प्रत्येक झडतीला असतात, ते चालायचे नाहीत, असं तिने सांगितलं. मग तिने मला हाक मारून विचारलं की गल्लीतलेच पंच हवेत असं कायद्यात आहे की नाही. मी ओली चादर गुंडाळून दारात उभा होतो. आहे, असं मी म्हणालो, आणि एकदा म्हटल्यावर पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो. अक्काने समोरच्या कापडवाल्या मारवाडी शेटजींना आणि कोपऱ्यावरच्या हेडमास्तरांना बोलावणं धाडलं. दोघेही आले. शेटजी येताना दोनदा दुकानाकडे वळून पाहत होते, पण आले.

फौजदारांनी तेही मान्य केलं. मला आश्चर्य वाटत होतं, इतका उदार माणूस मी कधी पाहिला नव्हता. अक्काने कमरेचे पट्टेही काढायला लावले. पट्टे खुंटीला लागले. शेटजींनी आणि हेडमास्तरांनी सर्वांचे खिसे पाहिले, पगड्या पाहिल्या. काही नव्हतं. फौजदार म्हणाले, झालं ना समाधान, आता आत जातो. आणि त्यांनी एका शिपायाला पुढे व्हायला खुणावलं.

अक्का त्या शिपायाकडे पाहत होती. मध्यम वयाचा, काळासावळा माणूस. चेहऱ्यावरून घामाच्या धारा लागलेल्या. सगळे घाम पुसत होते, तो पुसत नव्हता. त्याचा डावा हात अंगाला चिकटलेला होता.

"मना दारशे येल मानूस पानी पेवाबिगर जात नही," अक्का म्हणाली आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली.

आमच्याकडे तेव्हा कोणाच्या भांड्याला कोणाचं तोंड लागू नये म्हणून पाणी वरून ओतायचं आणि पिणाऱ्याने वाकून ओंजळीने प्यायचं, ही घराघरातली चाल. त्या उन्हात माठातल्या पाण्याला नाही म्हणणं देवालाही जमलं नसतं. फौजदार प्याले, हवालदार प्याला, चौकीचे पंचही प्याले. त्या शिपायाची पाळी आली तेव्हा तो तहान नाही म्हणाला, आणि म्हणताना त्याची जीभ टाळ्याला चिकटली. फौजदारांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. चला, उशीर होतोय, असं ते म्हणाले. अक्का हलली नाही. शिपायाने उजवा हात पुढे केला. पाणी त्यावर पडून ओट्यावर सांडलं.

"दोन्ही हात कर भाऊ," अक्का अगदी मायेने म्हणाली. "एक हातमा पानी ऱ्हास का?"

त्याने साहेबांकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. मला अजून वाटतं की त्या क्षणी तो फक्त तहानलेला माणूस होता. त्याने दोन्ही हात जोडून ओंजळ केली, वाकला, कोपरं बाजूला गेली. पट्टा तर खुंटीवर होता. सैल डगल्याच्या आतून काहीतरी घसरलं आणि खणकन फरशीवर पडलं. चिंधीत गुंडाळलेली चांदीची वाकी. ती गरगरत जाऊन शेटजींच्या पायाशी थांबली.

फौजदारांची खबर जवळजवळ खरी निघाली होती. वाकी त्या घरापर्यंत आली होती. फक्त ती आत जाण्याआधीच सापडली.

शिपाई मात्र पाणी पीतच राहिला, आणि अक्का ओततच राहिली. त्याचं पिणं संपेपर्यंत तिने तांब्या खाली केला नाही. मग ती हवालदाराकडे वळली. त्याची लेखणी हवेतच थांबली होती.

"लिखा," ती म्हणाली. "कोठे सापडनी ते लिखा."

हवालदाराने लिहिलं नाही. हेडमास्तरांनी लिहिलं, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं ठळक, आणि खाली दोघांनी सह्या केल्या. शेटजींनी तर दुकानाच्या नावासकट केली. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला, तो आज सांगतानाही येतो.

पण फौजदार हार मानणारा माणूस नव्हता. त्यांनी संध्याकाळी जिनाच्या फाटकातूनच फिटरला बेड्या घालून नेला. वाकी खोलीच्या दारावरच्या कोनाड्यातून पडली, म्हातारीने आणि तिच्या शेजाऱ्यांनी कट केला, असा त्यांचा जबाब. फिटरची बायको अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. चोरीत शिक्षा झाली की नोकरी गेली, साक्ष गेली, गाडीवानाची फिर्यादही गेली. अक्का एका हाताने तिच्या केसांतून बोटं फिरवत होती आणि दुसऱ्याने बटव्यातली ती खपली चाचपत होती. आपल्या भावाचंच घर पुन्हा तिच्यापुढे उभं राहिलं असणार.

थोरल्या वकिलांनी फिटरला जामिनावर सोडवलं आणि फौजदारावर उलट फिर्याद केली. चोरीचा खटला आणि ही फिर्याद, दोन्ही एकाच मॅजिस्ट्रेटपुढे चालली. गल्लीच्या गल्ली कोर्टात लोटली. फौजदारांनी धुळ्याहून नावाजलेले वकील आणले होते. त्यांचं म्हणणं दोन कलमी. एक, सरकारच्या परवानगीशिवाय हा खटला उभाच राहत नाही. दोन, पोलिसाने कामावर असताना शुद्ध बुद्धीने केलेल्या कृत्याबद्दल त्याला जाब विचारता येत नाही. पहिल्यावर थोरले वकील उठले आणि त्यांनी कायद्याचं पान वाचून दाखवलं. परवानगी लागते ती ज्यांना फक्त सरकारच नोकरीवरून काढू शकतं अशा वरच्या अंमलदारांसाठी. फौजदाराला त्याचे वरचे पोलीससाहेबही काढू शकतात. इतकी वर्षं सगळे फौजदार दुसऱ्याच्या छत्रीखाली उभे होते आणि छत्री कोणाची हे कोणी विचारलं नव्हतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान डोलावली. माझ्या शेजारी बसलेल्या वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

दुसरा मुद्दा अवघड होता. त्यासाठी अक्का पिंजऱ्यात उभी राहिली.

उभी राहिल्याबरोबर तिने बटवा सोडला आणि कठड्यावर उलटा केला. कारकून ओरडला. इथे खरं शोधायचं काम आहे, म्हणून आपली झडती आधी, असं तिने शांतपणे सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हसू दाबून ती नोंद घ्यायला लावली. धुळ्याच्या वकिलांनी तिला तासभर पिळलं. पोलिसांवर तुझा राग आहे, भाऊ तुरुंगात गेला म्हणून डूख धरून बसलीस, असं सगळं झालं. शेवटी त्यांनी विचारलं, फौजदारसाहेब शुद्ध बुद्धीने आपलं काम करत होते, हे तरी तुला मान्य आहे का?

अक्काला शब्द समजला नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तो समजावून सांगितला, की मनात पाप न ठेवता, खरं समजून केलेलं काम. अक्काने विचार केला.

"मंग ती शुद्ध बुद्धी," ती म्हणाली, "काखमा दपाडीसन काब्र ठेवेल व्हती, साहेब?"

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या हमालाला कळलं, आणि त्याच्यापासून हसू सुरू झालं ते पुढच्या बाकांपर्यंत आलं. काखेत लपवून ठेवतात ती कसली शुद्ध बुद्धी, हे एवढं साधं होतं. धुळ्याचे वकील कागद चाळत खाली बसले. फौजदारांच्या मिशा तशाच पिळलेल्या होत्या, पण त्या आता भलत्याच माणसाच्या चेहऱ्यावर लावल्यासारख्या दिसत होत्या.

त्यानंतर तो शिपाई साक्षीला आला. त्याने अक्काकडे पाहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर दोन्ही हात कठड्यावर पसरून ठेवले आणि सगळं सांगितलं. वाकी साहेबांनी दिली, खोलीत शिरल्यावर गोधडीखाली सरकवायची होती, नाही म्हटलं तर नोकरी जाईल असा दम होता. फौजदार उभे राहून काहीतरी बोलायला लागले. त्यांच्याच वकिलांनी त्यांना बसवलं.

निकालात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिलं की झडती घेणं हे पोलिसाचं काम आहे, झडतीत माल पेरणं हे कोणाचंच काम नाही, म्हणून कामाला असलेलं संरक्षण त्याला नाही. फिटर निर्दोष सुटला. फौजदारांना शिक्षा झाली. ज्या गाडीवानाचा हात गेला होता त्याची फिर्यादही उभी राहिली आणि तीतही शिक्षा झाली. कोर्टाबाहेर लोकांनी अक्काला उचलायचा प्रयत्न केला. ती एवढी दणकट होती की ते जमलं नाही, म्हणून त्यांनी कोर्टात आणलेली तिची परात डोक्यावर घेऊन ती गल्लीपर्यंत वाजवत नेली. मी त्या मिरवणुकीत काळा डगला घालून, लाज सोडून नाचलो. घरी आल्यावर अक्काने बटव्यातून ती शेणाची खपली काढली, दारच्या निंबाच्या बुडाशी तिचा चुरा केला आणि वरून पाणी घातलं. तिने डोळे पुसले नाहीत, मी पुसले.

पुढे जिल्ह्याच्या पोलीससाहेबांनी तिला बंगल्यावर बोलावलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यापुढे तिने न सांगता बटवा उलटा केला. साहेबांनी बक्षीस काय हवं म्हणून विचारलं. झडती घेणाऱ्याने आधी आपली झडती द्यावी आणि पंच त्याच गल्लीतले, घरवाल्याला चालतील असे असावेत, एवढंच तिने मागितलं. तशी पद्धत कागदावर आहेच, असं साहेब म्हणाले. मग कागदावरनं खाली उतरवा, असं अक्का म्हणाली. साहेबांनी हुकूम काढला. शहरातल्या प्रत्येक चौकीत तो हजेरीच्या वेळी वाचला जाऊ लागला. गल्लीगल्लीतल्या लोकांनी पाळ्या लावून पंच ठरवले. आमच्या गल्लीत शेटजी आपली पाळी कोणाला देत नसत. नवे फौजदार आले ते महिन्यातून एकदा ओट्यावर येऊन बसत, गल्लीचं काय चाललंय ते ऐकत, आणि उठताना शेंगदाणे घेऊन जात. वाकीवाल्या शिपायाची नोकरी गेली. त्याला अक्काने उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी काढलेल्या पाणपोईवर बसवलं. आल्यागेल्याच्या ओंजळीत तो पाणी ओतायचा आणि कोणी एक हात पुढे केला तर दोन्ही कर म्हणायचा.

बऱ्याच वर्षांनंतरची गोष्ट. इंग्रज जाणार हे आता सगळ्यांना कळून चुकलं होतं. माझी वकिली बरी चालत होती आणि मी स्वतःचं घर बांधलं होतं. एका कामासाठी मला साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीत जावं लागलं. तिथे पोहोचलो तर एका घरापुढे पोलीस उभे. जंगलातलं चोरीचं लाकूड शोधायला आले होते. माझं अशील त्याच घरातलं, म्हणून मीही आत जायला निघालो. दारात एक म्हातारी बसली होती. तिने सूप पुढे केलं.

जमादाराने काही न बोलता खिसे सुपात रिकामे केले. शिपायांनी केले. म्हातारीने पाण्याचं मडकं आणलं. प्रत्येक जण दोन्ही कोपरं चांगली बाजूला घेऊन, ती दाखवत पाणी प्याला. मग ती माझ्याकडे वळली. मी वकील असल्याचं सांगितलं नाही. हे कोणी शिकवलं, एवढंच विचारलं. जळगावचं, अक्काचं नाव निघेल म्हणून मी कान टवकारले होते.

"कोनी काय शिकाडाव," म्हातारी म्हणाली. "आमनाकडे अशीच रीत शे. पहिलापासून."

लाकूड निघालं नाही. परत निघताना तिने माझ्या वस्तू दिल्या आणि खिशात मूठभर चारोळ्या घातल्या.

जळगावला आलो तो स्टेशनवरून तडक अक्काकडे गेलो. ती आता फार थकली होती, डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण ओट्यावर बसायची. फिटरची मुलगी तिला पाणी द्यायला असायची. मी म्हटलं, अक्का, तुला पाहायला आलो. तिने चाचपत परात पुढे सरकवली. मी खिसे उलटे केले, चारोळ्या परातीत खळखळल्या. तिने बोटांनी त्या चाचपल्या आणि आपण तर शेंगदाणे देतो, हे कोणी दिलं, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. सूप, जमादार, न सांगता उलटे झालेले खिसे, पहिलापासूनची रीत. ती ऐकत राहिली.

"पानी दिधं का तिनी?" तिने विचारलं.

"दिलं."

"दोन्ही हात?"

"दोन्ही हात, अक्का. सगळ्यांनी."

इतक्या वर्षांत मी तिला मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती इतकी हसली की फिटर दारात आला, शेटजी दुकान सोडून आले, पाणपोईवरचा शिपाई तांब्या हातात घेऊन धावत आला. काय झालं म्हणून सगळे विचारायला लागले. अक्काला सांगता येईना. तिने परात उचलून मुलीच्या हातात दिली, आणि साक्रीच्या त्या चारोळ्या आम्ही पेढे वाटावेत तशा सगळ्या गल्लीला वाटल्या.